मध्यावर बिघडणारा डाव

नांदगावास गोल्फचे मैदान नाही, आणि ते असावे अशी इच्छा येथील कोणा गृहस्थाने बोलून दाखविल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मनमाड मागे पडले म्हणजे आमचे गाव येते. तालुका अवर्षणाचा, पावसाळा सरला की शाकंबरीचे पात्र आटू लागते, आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्याची किंमत घरोघर कळते. अशा मुलखात शंभर-दीडशे एकर हिरवळ एका पांढऱ्या चेंडूसाठी बारा महिने भिजत ठेवावयाची, ही गोष्ट आमच्या मंडळींस नुसती ऐकावयासही परवडणारी नाही. असे असता आम्ही सुज्ञ वाचकांपुढे गोल्फविषयी लिहावयास का बसलो, याचा खुलासा प्रथम केला पाहिजे.

यंदाच्या परीक्षेत आमच्या एकत्र कुटुंबातील एका मुलाचा गणिताचा पेपर बिघडला. मुलगा मंद नव्हे. वर्गात वरच्या चार-पाचांत त्याचा क्रमांक असतो. पेपराचा पूर्वार्ध त्याने उत्तम सोडविला. पुढे भूमितीचे एक प्रमेय अडले, त्यात पुष्कळ वेळ गेला, आणि त्यानंतर जी उदाहरणे त्याने घरी दहा-दहा वेळा केली होती तीही हातून निसटली. घरी येऊन तो दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. आमच्या घरात मते मागावी लागत नाहीत; ती पंक्तीला आपोआप वाढली जातात. अण्णांच्या मते घाई नडली. काकूंच्या मते रात्रीची जागरणे नडली. आजींनी पंचांग पाहून शनीचे नाव घेतले, व येत्या शनिवारी त्यास नस्तनपुरास नेऊन आणावे असे सुचविले. नस्तनपूरचे शनिमंदिर आमच्याच तालुक्यात असल्यामुळे हा उपाय इतर सर्व उपायांहून सोपा होता, आणि तो अमलातही आला. परंतु दर्शन घेऊन परत येताना मुलगा आम्हांस एवढेच म्हणाला, "काका, ते प्रमेय अडले तोपर्यंत मी ठीक होतो. मग किती गुण गेले ते मोजीत बसलो."

हे शब्द ऐकताच आम्हांस ७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ आठवली.

कोरोनाच्या साथीमुळे एक वर्ष लांबलेले टोकियोचे ऑलिंपिक सामने त्या दिवसांत चालू होते. भारताची अदिती अशोक ही बंगळूरची तेवीस वर्षांची मुलगी स्त्रियांच्या गोल्फमध्ये तिसऱ्या दिवसअखेर एकटी दुसऱ्या स्थानावर होती, आणि जगाच्या क्रमवारीत मात्र तिचा क्रमांक दोनशेवा होता. ही बातमी पसरताच, ज्या घरांत गोल्फची काठी कोणी हाती धरली नव्हती अशा हजारो घरांतील माणसे त्या दिवशी भल्या सकाळी दूरचित्रवाणीपुढे येऊन बसली. आमचे घर त्यांपैकीच एक. काकूंचा पहिला प्रश्न असा होता की, ही पोरगी पळत का नाही. अण्णांना चेंडू कोठे गेला हे एकदाही दिसले नाही. पण अदितीची खेळाच्या काठ्यांची पिशवी वाहणारी स्त्री म्हणजे तिची आईच आहे, हे कळताच स्वयंपाकघरातील सर्व मंडळी बाहेर आली, आणि त्या दिवशी आमच्याकडे जेवणास बराच उशीर झाला.

खेळाची घटना आम्ही त्यांस समजावून सांगितली, तीच येथे थोडक्यात देतो. मैदानावर अठरा ठिकाणी सव्वाचार इंच व्यासाची भोके असतात. प्रत्येक भोकाकडे जाणारी वाट ठरलेली, लांबी ठरलेली, आणि निष्णात खेळाडूस किती टोले लागावेत हेही ठरलेले. भोक आणि त्याची वाट मिळून एक 'होल' होतो, आणि ठरलेल्या टोल्यांस 'पार' म्हणतात. एक टोला कमी लागला तर 'बर्डी', एक जास्त लागला तर 'बोगी'. सगळ्या अठरा होलांत मिळून ज्याचे टोले सर्वांत कमी, तो जिंकला. झाडी, वाळूचे खड्डे, तळी, उंच गवत हे वाटेतले अडथळे. प्रतिस्पर्धी चेंडूला हातही लावीत नाही. तेव्हा हा खेळ वास्तविक माणसाचा मैदानाशी, व त्याहून अधिक स्वतःशीच असतो.

या खेळाला मध्य असतो, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे या खेळाचे जे जुने मैदान आहे, त्यावर पूर्वी एकूण बावीस होल खेळले जात. १७६४ साली त्यांचे अठरा झाले, आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला. त्या मैदानावर समुद्रकाठाने नऊ होल खेळत दूर जावयाचे आणि तेथून वळून नऊ होल खेळत घराकडे यावयाचे असते. म्हणून टोले लिहिण्याच्या कागदावर आजही पहिल्या नवांच्या बेरजेस 'जाण्याचे' व पुढच्या नवांच्या बेरजेस 'येण्याचे' अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात. नववा होल संपला की खेळाडू पहिली बेरीज मांडतो. आमच्या समजुतीप्रमाणे सारा घोटाळा तेथे सुरू होतो.

अदितीने त्या सकाळी पाचव्या, सहाव्या व आठव्या होलवर बर्डी केली. पदक जवळजवळ हाती आले असे वाटू लागले. नंतर नवव्यावर बोगी झाली, आणि अकराव्यावर पुन्हा बोगी झाली. "झाले, बिघडले," असे म्हणून काकू उठल्याच. असा अंदाज बांधण्यास आधारही होता. पाच वर्षांपूर्वी, २०१६ साली, रिओच्या ऑलिंपिकमध्ये ही मुलगी अठरा वर्षांची असताना पहिल्या दोन दिवशी तिने अडुसष्ट-अडुसष्ट टोल्यांत फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या व पदकाच्या गोष्टी बोलल्या जाऊ लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिला एकोणऐंशी टोले लागले, चौथ्या दिवशी शहात्तर, आणि ती एकेचाळिसाव्या स्थानावर उतरली. ज्याने एकदा मध्यावर घसरण अनुभवली आहे, त्यास दुसऱ्या वेळी ती वाट ओळखीची वाटते. व ओळखीच्या वाटेने पाय आपोआप जातात.

परंतु टोकियोत तसे घडले नाही. तेराव्यावर तिने बर्डी केली, चौदाव्यावर पुन्हा केली. काकू परत येऊन बसल्या. पुढे वादळी पावसामुळे खेळ काही काळ थांबला, तेवढ्यात आमच्याकडे चहा झाला. शेवटच्या होलवर बर्डीसाठी मारलेला तिचा लांबचा टोला भोकाजवळून निघून गेला, आणि ती चौथी आली. सुवर्णपदक मिळविणारी अमेरिकेची नेली कोर्डा २६७ टोल्यांत, जपानची मोने इनामी व न्यूझीलंडची लिडिया को प्रत्येकी २६८ टोल्यांत, आणि अदिती २६९ टोल्यांत. चार दिवस, बहात्तर होल, आणि पदक केवळ एका टोल्याने हुकले. त्या वर्षी ती कोरोनाच्या दुखण्यातून उठली होती, अंगातील बळ कमी झाल्यामुळे तिचे टोले इतरांपेक्षा आखूड पडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या २६९ ची किंमत अधिकच वाटते. त्याच दिवशी सायंकाळी नीरज चोप्राने भाल्याचे सुवर्णपदक मिळविले आणि सकाळचा हा प्रकार बहुतेकांच्या विस्मरणात गेला. आमच्या मुलासही तो आठवत नव्हता.

नस्तनपूरहून आल्यावर त्यास आम्ही अदितीची हकीकत सांगितली, पण तिने त्याचे समाधान झाले नाही. तिने सावरले, आपण सावरलो नाही, असा त्याचा मुद्दा होता. तो खराही होता. म्हणून आम्ही त्यास ज्याने सावरले नाही अशा, आणि अदितीहून कितीतरी अधिक नामांकित अशा एका पुरुषाची गोष्ट सांगितली.

आर्नल्ड पामर हा पेन्सिल्व्हेनिया प्रांतातील लाट्रोब गावचा. बाप गोल्फच्या मैदानाची निगा राखणारा; धनिकांच्या क्लबात नोकराच्या दाराने ये-जा करीत मुलगा खेळ शिकला. १९६० साली अमेरिकेच्या खुल्या सामन्यात अखेरच्या फेरीच्या आरंभी तो पहिल्या खेळाडूच्या मागे सात टोले होता. ती फेरी त्याने पासष्टांत खेळून सामना जिंकला, आणि तेव्हापासून, पामर मागे असला तरी सामना संपला असे म्हणू नये, असा लोकांचा ग्रह झाला. हा सात आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

सहा वर्षांनी, १९ जून १९६६ रोजी, त्याच स्पर्धेची शेवटची फेरी सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबच्या मैदानावर चालू होती. पामर व बिली कॅस्पर हे दोघे जोडीने खेळत होते. पहिले नऊ होल पामरने बत्तीस टोल्यांत संपविले, आणि तो कॅस्परच्या पुढे सात टोले होता. उरले नऊ होल. अशी आघाडी कोणी गमावीत नाही. कॅस्परने तर निदान दुसरा क्रमांक टिकावा अशी काळजी बोलून दाखविली, आणि पामरने त्यास त्या कामी आपण मदत करू असे मोठ्या मनाने आश्वासन दिले, अशी कथा गोल्फच्या इतिहासात नमूद आहे.

या वेळी पामरच्या मनात कॅस्पर नव्हताच. १९४८ साली बेन होगन याने याच स्पर्धेत २७६ टोल्यांचा विक्रम केला होता. पामरचे मागील तीन दिवसांचे टोले २०७. त्यांत आजचे बत्तीस मिळवून २३९. पुढील नऊ होल छत्तीस टोल्यांत झाले की २७५, म्हणजे होगन एका टोल्याने मागे. हा हिशेब शाळकरी मुलालाही येईल. तो आपल्या मनात घोळत होता, हे पामरने पुढे स्वतःच कबूल केले. चालून चालून पुढच्या चेंडूपाशी पोहोचेपर्यंत करावयास दुसरे काय होते?

दहाव्या होलवर त्याची एक बोगी झाली, आघाडी सहा. तेराव्यावर आणखी एक, पाच. येथवर काही बिघडले असे म्हणता येत नव्हते. पंधराव्यावर पामरची बोगी आणि कॅस्परची बर्डी एकदम पडली, राहिले तीन. सोळावा होल ६०४ यार्ड लांबीचा. सुज्ञ माणूस येथे जपून खेळता. परंतु जपून खेळणे हे पामरच्या स्वभावात नव्हते, आणि एवढे लोक पाहत असता सात टोल्यांची आघाडी असलेल्या माणसाने जपून खेळावे ही त्यास लाजिरवाणी गोष्ट वाटली असावी. त्याने पूर्ण ताकदीने टोला हाणला. चेंडू डावीकडे झाडीत गेला. तेथून उंच गवतातून लांब टोला मारण्याचा हट्ट केला. चेंडू थोडासाच पुढे सरकला. त्या होलवर बोगी झाली यातच त्याचे कौशल्य दिसते, कारण त्याहून वाईट सहज घडले असते. कॅस्परने बर्डी केली. राहिला एक. सतराव्यावर पामरची आणखी एक बोगी, आणि दोघे बरोबरीस आले. आठ होलांत सात टोले गेले होते.

येथे एक गोष्ट लोक विसरतात. अठराव्या होलवर पामरचा पहिलाच टोला पुन्हा गवतात गेला होता. सर्व जग आपल्या पराभवाकडे पाहत आहे हे ठाऊक असलेल्या त्या माणसाने गवतातून चेंडू हिरवळीवर आणला, भोकाजवळ नेला, आणि उरलेला लहानसा पण जिवावरचा टोला बरोबर घातला. तो चुकता तर सामना तेथेच संपता. दोघांचेही २७८ झाले, आणि निकालासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा अठरा होल खेळावयाचे ठरले.

हे असे का व्हावे? पामरचे स्नायू नवव्या व दहाव्या होलच्या मध्यंतरी दुबळे झाले नाहीत. विद्या गेली नाही. विद्या जावयास मिनिटे पुरत नाहीत. आमच्या मते याचे उत्तर खेळाच्या वेळापत्रकातच आहे. एका फेरीस चार तास लागतात आणि टोले सुमारे सत्तर. प्रत्येक टोला डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच होऊन जातो. सगळे टोले एकत्र केले तरी पाच मिनिटे भरणार नाहीत. उरलेला सर्व वेळ खेळाडू चालत असतो आणि एकटा असतो. क्रिकेटमध्ये फलंदाजावर चेंडू येतो व त्यास उत्तर द्यावेच लागते. विचार करावयास गोलंदाज सवड देत नाही. गोल्फचा चेंडू गवतावर स्वस्थ पडून राहिलेला असतो. तो मारीपर्यंत काही होत नाही, आणि मनाला जेवढी सवड तेवढे मन मागे गेलेले मोजते अथवा पुढे मिळावयाचे मोजते.

आमच्या घरांतून हा अनुभव दुर्मिळ नाही. गणेशोत्सवात अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने चाललेली असतात. ज्यांस लहानपणापासून ते मुखोद्गत आहे, त्यांची जीभ आपल्या चालीने चालते. डोळे मिटलेले, मन शांत. इतक्यात कोणी हलकेच विचारतो, "हे कितवे?" म्हणणारा आवर्तने मोजू लागतो, त्याबरोबर पुढचे वाक्य कोणते याचाही विचार करू लागतो, आणि चाळीस वर्षे ज्या ठिकाणी चूक झाली नाही त्या ठिकाणी अडखळतो. नवशिक्याचे मात्र तसे होत नाही. तो पहिल्यापासूनच शब्दागणिक विचार करीत असतो. मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट गोल्फच्या काठीने तपासून पाहिली आहे. या शतकाच्या आरंभी अमेरिकेत सियान बायलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे प्रयोग केले, त्यांत असे आढळले की नवशिक्यास आपल्या हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यावयास सांगितले तर त्याचा टोला सुधारतो, आणि कसलेल्या खेळाडूस तेच सांगितले तर त्याचा टोला बिघडतो. जे ज्ञान हातात उतरले आहे, ते पुन्हा डोक्यात ओढून आणले की दोन्हीकडून जाते. तेव्हा मध्यावर बिघडणे हा केवळ कच्चेपणाचा दोष नव्हे. कच्च्यापाशी बिघडण्याजोगे फारसे काही नसतेच. अण्णांना हे विवेचन पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की, ज्याचे आवर्तन मोजल्याने चुकते त्याचे पाठांतरच कमी. आम्ही वाद घातला नाही, कारण येत्या गणेशोत्सवात मुख्य आसनावर अण्णाच बसावयाचे आहेत.

आपल्याकडील ताजे उदाहरण पाहावयाचे तर अनिर्बन लाहिरी याचे आहे. हा जन्माने पुण्याचा, १९८७ सालचा. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लॉरिडा येथील प्लेअर्स स्पर्धेत तीन फेऱ्यांअखेर तो सर्वांच्या पुढे एक टोला होता. तोवर अमेरिकेतील मुख्य मालिकेत त्यास एकही विजय मिळालेला नव्हता. अखेरच्या फेरीत आठव्या होलवर, म्हणजे पुन्हा मध्याच्या आसपासच, त्याचे एकदम दोन टोले जास्त गेले. येथवर ही पामरचीच कथा वाटेल. पण अकराव्यावर त्याने पारपेक्षा दोन टोले कमी घेतले, सतराव्यावर बर्डी केली, आणि शेवटच्या होलवरही बरोबरीचा यत्न केला. ऑस्ट्रेलियाचा कॅमरन स्मिथ त्या दिवशी सहासष्टांत खेळला आणि लाहिरी एका टोल्याने दुसरा आला. आठव्या होलवरील ते दोन टोले गेले नसते तर काय झाले असते, हा हिशेब आम्ही घरी बसून करू शकतो. त्याने तो अकराव्या होलच्या आधी केला नाही, एवढे मात्र त्याच्या खेळावरून दिसते.

ही चर्चा चालली असता काकू म्हणाल्या की, हे सारे श्रीमंतांचे खेळ; आपल्या शेजारच्या मुलाचे काय? त्यांचा रोख दत्तू भोकनळकडे होता. दत्तू चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा, म्हणजे आमच्या तालुक्याच्या शिवेपलीकडचाच. विहिरी खोदणाऱ्या व दगड फोडणाऱ्या बापाचा मुलगा. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावचा हा तरुण सैन्यात भरती झाला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होडी वल्हविण्यास शिकला, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई सामन्यांत एकट्याच्या अंतिम शर्यतीत त्याच्यावर सर्वांची आशा होती. अंगात दुखणे, शर्यतीत सर्व बळ संपले आणि तो शेवटला आला. हे २३ ऑगस्टला. २४ ऑगस्टला सकाळी तो स्वर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या होडीत बसला, आणि भारताने सुवर्णपदक घेतले.

काकूंचे म्हणणे रास्त होते, तरी आम्ही दोहोंत एक भेद दाखविला. दत्तूचे बिघडले ते शरीर. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढेमागे तिघे बसले होते, त्यांच्या वल्ह्यांच्या तालावर त्यास आपले वल्हे टाकावयाचे होते. गोल्फच्या खेळाडूस तसा सोबती नाही. पिशवी वाहणारी आई असली तरी टोला तिला मारता येत नाही. परीक्षेच्या खोलीत बसलेल्या मुलाचेही तसेच आहे, आणि आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या मुलांस तो एकटेपणा अधिक बोचत असावा असा आम्हांस संशय आहे. घरी पाणी मागितले तर तीन माणसे उठतात. तेथे तीन तास कोणी उठत नाही. मात्र बाहेर पडताच चौदा माणसांना उत्तर द्यावयाचे आहे, याची जाणीव आतही असते. आमच्या मुलाने जे मोजले, त्यात गुण किती होते आणि अण्णा, काकू, आजी व आम्ही किती होतो, हे त्यास आम्ही विचारले नाही.

पुढच्या आठवड्यात काही कामानिमित्त आम्ही त्यास बरोबर घेऊन नाशकास गेलो. काम उरकल्यावर त्याने गोल्फचे मैदान पाहावयाची इच्छा दर्शविली, कारण नाशकात 'गोल्फ क्लब' नावाचे ठिकाण आहे हे त्याने ऐकले होते. ठिकाण आहे खरे. शहराच्या मध्यवस्तीत एक विस्तीर्ण मैदान आहे, लोक त्यास आजही गोल्फ क्लब मैदान म्हणतात. पण गोल्फ तेथून केव्हाच गेला. आता तेथे क्रिकेट चालते, महाराष्ट्राचे रणजी सामनेही तेथे झाले आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ कडेने फिरावयास येणाऱ्यांची गर्दी असते. मैदानाचे खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी याच शहरात विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी कलेक्टर जॅक्सन यास गोळी घालणारा, व पुढील एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला तो अठरा वर्षांचा तरुण. साहेबांच्या खेळाचे नाव आणि त्याचे नाव, दोन्ही एकाच मैदानास चिकटून राहावीत, हा योग चमत्कारिक खरा.

मुलाने इकडे तिकडे पाहून भोके कोठे आहेत असे विचारले. ती नाहीत असे कळल्यावर थोडा हिरमुसला. आम्ही कडेच्या कठड्यावर बसलो. बराच वेळ तो क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडे पाहत होता. मग अकस्मात म्हणाला,

"काका, तो पामर दुसऱ्या दिवशी खेळायला गेला का?"

"गेला तर."

"आणि?"

"पहिले नऊ होल तेहेतीस टोल्यांत. कॅस्परचे पस्तीस. दोन टोल्यांनी पुढे होता."

"मग जिंकला?"

आम्ही खरे होते ते सांगितले. पुढच्या नऊ होलांत त्यास चाळीस टोले लागले, कॅस्परला चौतीस. चार टोल्यांनी हरला, आणि त्यानंतर तसला मोठा सामना त्यास कधीच जिंकता आला नाही. मुलगा क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिला, आणि एकदम मोठ्याने हसला. परीक्षेनंतर त्याचे हसणे आम्ही प्रथमच ऐकत होतो.

"दोन्ही दिवशी? नवव्यानंतरच?"

"दोन्ही दिवशी."

"मग त्याने खेळ सोडला का?"

"२००४ सालापर्यंत खेळत होता. मास्टर्स नावाच्या स्पर्धेत पन्नास वर्षे सलग उतरला. शेवटी शेवटी जिंकण्याची कोणास आशा नसे, तरी लोक गर्दी करीत."

यावर तो काही बोलला नाही. गाडीस अजून अवकाश होता, म्हणून आम्ही दोघांनी उठून मैदानाला एक फेरी मारली.